फ्यूजची डबी घेऊन पळसदेवपर्यंत

बारामतीहून इंदापूर, इंदापूरहून पळसदेव आणि तिथून भिगवणवरून परत बारामती. मुक्काम दोन, दिवस तीन. एवढ्याला प्रवास म्हणायचं नसेल तर म्हणू नका. आमच्या स्टाफरूममध्ये हिमालय करून आलेले तिघे आहेत आणि दुबईला जाऊन आलेला एक. त्यांच्या हकिकती ऐकत मी सहा-सहा महिने थंड चहा प्यायले आहे. आता माझी पाळी.

मी चोपन्न वर्षांची. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली वीस वर्षं साडेतीनशे सीसीची एक जुनी मोटारसायकल चालवते. निवृत्त होणाऱ्या एका सरांकडून ती घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं नवऱ्यासाठी घेतली. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, सायकलसुद्धा धड येत नाही. हे त्यानेच सगळ्यांना हसत सांगून टाकलं, म्हणून आमचा संसार टिकला. गावात मला 'फटफटीवाल्या बाई' म्हणतात. आधी राग यायचा, आता तसं कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

निघण्याआधी

ही गाडी तयार झाली तेव्हा तिच्यातल्या सगळ्या विजेसाठी मिळून एकच फ्यूज होता. एक दिवा, एक हॉर्न, इंजिनाची ठिणगी, एवढाच तिचा संसार. मी त्यात भर घालत गेले. आधी मोठा हॉर्न, कारण उसाच्या ट्रॉलीवाल्यांनी गाणी लावलेली असतात आणि त्यांना छोटा ऐकू येत नाही. मग पुढे दोन जादा एलईडी दिवे. मग मोबाइल चार्ज करायला सॉकेट. प्रत्येक वेळी ज्याने काम केलं त्याने हाताला लागेल ती वायर सोलली, तिला दुसरीचा पीळ मारला आणि वर काळी टेप गुंडाळली. आणि मी, दरवर्षी फळ्यावर वितळतारेची आकृती काढणारी बाई, ते बघत उभी राहिले. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

व्हायचं ते झालं, आणि नेमकं माहेरी झालं. वडगाव निंबाळकरला दादाच्या गोठ्यासमोर गाडी उभी केली आणि सीटखालून धूर निघायला लागला. दादाने भिजलेलं पोतं टाकून आग विझवली. म्हशी बिथरल्या, दोघींनी दावी तोडली, आख्खी आळी गोळा झाली. मग गाडी टेंपोत घालून, दोरांनी आवळून, सगळ्या गावातून मिरवत बारामतीला आणली. मी टेंपोत पुढे बसले होते आणि कुणाच्याही नजरेला नजर देत नव्हते.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. गावात त्याला तात्या म्हणतात. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, दुधाचा धंदा. वडील गेल्यावर नातेवाइकांनी माझं लग्न ठरवायला घेतलं होतं. दादाने एकेकाला दारातून परत पाठवलं आणि मला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. म्हणून त्याला तोडून बोलणं मला जमत नाही. हे त्याला ठाऊक आहे.

"इकून टाक," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बघून ठिवलंय मी."

गिऱ्हाईक होतं हायवेवरचा एक हॉटेलवाला. त्याला माझी गाडी हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. सीटवर आणि टाकीवर फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"दादा, मी वायरिंग नव्याने करते," मी म्हणाले. "मग एकटी तीन दिवस फिरून येते. टेंपो लागला, तर गाडी तुझ्या गिऱ्हाइकाची."

"शब्द?"

"शब्द."

सुनील म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." आणि पेपर वाचायला लागला.

मार्केट यार्डाच्या कडेला बबनराव म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, सगळ्यांच्या पोटात त्यांचे हात असतात. त्यांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली.

"मॅडम, एवढ्या जुन्या गाडीला असलं कुणी करत न्हाय," ते म्हणाले. "मी एक जाडी वायर वढून देतो. फ्यूजच काढून टाकू. कटकटच नको."

"फ्यूज काढला तर परत जळेल, बबनराव."

"मग तुमीच करा."

"करते."

मग फळीवरून जीपची फ्यूजची डबी काढून त्यांनी पुढ्यात ठेवली. तळहाताएवढी, चार घरांची, वर पारदर्शक झाकण. शेजारी एक रिले ठेवला आणि तारेच्या टोकांना लावायचे पितळी लग ठेवले. "पीळ मारू नका," ते म्हणाले. "पीळ हादऱ्यानं सुटतो. लग लावा, पकडीनं दाबा आन् वढून बघा. हातानं सुटला तर रस्त्यात बी सुटणार." एवढी चांगली शिकवणी मला बी.एड.लाही मिळाली नव्हती.

दोन रविवार मी पोर्चमध्ये पोतं अंथरून बसले. मूळ वायरींना जिथे जिथे पीळ मारले होते ते सगळे सोडवले. इंजिनाची वायर आणि तिचा जुना फ्यूज तसाच ठेवला, त्याला हात लावला नाही. मग बॅटरीपासून एक वेगळी वाट काढली: आधी एक मोठा पिवळा फ्यूज, मग किल्ली फिरवल्याशिवाय वीज पुढे न सोडणारा रिले, मग उजव्या टूलबॉक्समध्ये बसवलेली डबी. हॉर्नला लाल फ्यूज, दिव्यांना तपकिरी, सॉकेटला फिकट पिवळट. चौथं घर रिकामं. म्हणजे जादाचं जे काही जळायचं असेल ते आपापल्या घरात जळेल आणि इंजिनाला त्याची झळ लागणार नाही. शेजारचे निवृत्त साहेब कुंपणावरून सारखं विचारायचे, "अजून चालूच आहे का?" मी म्हणायचे, "हो, अजून." त्यांचा आवाज वाढला की माझी पक्कड जास्त जोरात दाबली जायची.

ह्या कामात माझी एक चूक राहिली होती. ती मला पळसदेवला कळली.

निमगाव केतकी

मे महिन्यातल्या एका सकाळी सहाला निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कालव्याचा गार वारा आणि कारखान्याच्या मळीचा वास. बाहेरच्यांना तो सोसत नाही, आम्हाला तो आला नाही तर दिशा चुकल्यासारखी वाटते. वाटेतल्या जंक्शन गावी वडापाव खाल्ला. तिथे दोघांनी "ॲव्हरेज किती?" विचारलं आणि एकाने "मॅडम, चालू करताना पाय न्हाय का दुखत?" विचारलं. तिघांना मी सारखंच उत्तर दिलं, "सवयीची आहे."

निमगाव केतकी पानमळ्यांचं गाव. बारामतीत विडा खाताना कधी मनात येत नाही की ही वेल इतकी लाडावलेली असते. शेवग्या-पांगाऱ्यांच्या खोडांवर चढवलेल्या वेली, वरून सावली, खाली ओल. बाहेर अंग भाजत होतं आणि आत पाऊल टाकलं की ओट्यावरच्या माठापाशी बसल्यासारखं वाटत होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. तेवढं मला मान्य होतं. मी बूट काढले. पण बांधावर बसलेल्या मळेवाल्या म्हातारीने मला हाताने थांबवलं.

"बाई, अडचण तर न्हाय ना?"

पानमळ्यात अडचणीची बाई चालत नाही, वेल जळते, असं इथे मानतात. माझ्या आजोळीही लोणच्याच्या बरणीबाबत हेच होतं. तिथे लहान होते म्हणून गप्प बसले.

"आजी, मी चोपन्न वर्षांची आहे," मी म्हणाले. "पण नसते, तरी सांगितलं नसतं."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं चिडली. ती हसत होती. "माझी सून बी न्हाय सांगत आता," ती म्हणाली. "आन् वेल तर काय जळली न्हाय. जावा आत." जाताना तिने पंचवीस-तीस पानं ओल्या फडक्यात बांधून दिली आणि घरधन्यांना विडा करून द्यायला सांगितलं. विडा मी एकटीनेच खाल्ला.

मळ्याच्या अरुंद वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना हँडल पुरतं डावीकडे वळवावं लागलं. तेवढ्यात पुढचे दोन्ही जादा दिवे गेले. डबी उघडली, तपकिरी फ्यूज जळलेला. नवा घातला, दिवे लागले. मला वाटलं, रस्त्याच्या हादऱ्याने झालं असेल. आणि खरं सांगते, आनंदच झाला. फ्यूज जळला होता आणि गाडी धडधडत उभी होती. वडगावचा धूर मला आठवला आणि मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "बघ दादा."

इंदापूर

इंदापूरला लॉजच्या अंगणात वळताना परत तेच झालं. तपकिरी फ्यूज पुन्हा गेला. दोनदा गेला म्हणजे कुठेतरी दोष आहे, एवढं मला कळत होतं. पण ऊन डोक्यावर होतं आणि भूक लागली होती. फ्यूज काढून ते घर रिकामं ठेवलं. दिव्यांशिवाय अडणार नव्हतं, दिवसाच फिरायचं होतं.

लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने वही उघडली. "बरोबर कोन?"

"गाडी."

"तसं न्हाय, जेन्ट्स कोन हायत?"

"घरी आहेत. पेपर वाचतायत."

त्याने बराच वेळ पेन हवेत धरलं. मग माझ्या नावापुढे 'एकटी' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. कशासाठी, कोण जाणे. बारामतीत मला हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण ते बारामती शहाणं आहे म्हणून नाही. तिथे मला सगळे ओळखतात म्हणून.

जेवायला गेले तर खानावळीत बाईमाणसाला पडद्यामागे 'फॅमिली'त बसवण्याची पद्धत. पडदा मळका आणि आत पंखा बंद. मी बाहेरच्या टेबलावर बसले, जिथून माझी गाडी दिसत होती. वाढपी दोनदा म्हणाला, "मॅडम, आत बसा की." तिसऱ्यांदा त्याने चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी आणून समोर ठेवली आणि वाद संपला. उजनी धरणातला हा मासा, लसणीचा तिखट तांबडा रस्सा. शेजारच्या टेबलावरचे चौघे जेवण सोडून बघत होते. मी रस्सा वाटीने प्यायले, नाक पुसलं आणि परत मागितला.

पळसदेव

पळसदेवला मंदा राहते. पंधरा वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी, हुशार, हसरी. भौतिकशास्त्रात पहिली आली होती. आता ऊस, दोन म्हशी आणि पाण्याकाठची पंपाची मोटार सांभाळते. नवरा मासेमारीच्या होडीवर. घरात मुख्य माणूस म्हणजे तिचे सासरे, आबा. पंचाहत्तरीचे, काटक, मान तिरकी करून ऐकणारे.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. संध्याकाळी आबा आणि मंदा मला तिकडे घेऊन गेले. पाण्याखालची जमीन वाळून तिला वीत-वीत भेगा पडल्या होत्या. शिंपले पायाखाली मोडत होते. देवळाच्या दगडाला पाण्याच्या जुन्या खुणा होत्या, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी. आबांनी काठीने एका जागी टोचलं. "हितं आमचा उंबरा व्हता," ते म्हणाले. "धरण झालं तवा मी तिशीचा बी नव्हतो. साहेब म्हनलं, उठा. उठलो." मी विचारलं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, "वाईट कशाला वाटंल? दर वर्साला येऊन उभा ऱ्हातो हितं. पानी म्हनतं उठ, मी पुना येतो." माझी त्यांच्याशी त्याच जागी गट्टी जमली.

परत येताना पाण्याकाठी त्यांच्या मोटारीची पेटी दिसली. आबांनी ती मला अभिमानाने उघडून दाखवली. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार वेटोळं करून बसवलेली.

"मंदा, हे काय?" मी विचारलं. "वितळतारेचा द्रवणांक कसा असतो?"

"कमी असतो, मॅडम," मंदा लगेच म्हणाली. मग जीभ चावली. "पर ते मार्कापुरतं व्हतं."

आबा म्हणाले, "फ्यूज सारखा उडतोय म्हंजी फ्यूज कच्चा. कच्च्या जागी पक्कं घालायचं. आन् लाईट येती आठ तास, ती बी कवा बी. तवा वायरमनच्या नावानं बोंबलत बसू का ऊस भिजवू?"

मी त्यांना मोठ्या उत्साहाने माझी डबी उघडून दाखवली. घरं, रंग, रिकामं तपकिरी घर, सगळं समजावलं. आबांनी मान तिरकी करून नीट ऐकून घेतलं. ह्याचाच पुढे घात झाला.

धूर

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मंदाच्या चुलीपाशी चहा पीत होते. किल्ली आणि मोबाइल खुंटीशेजारच्या फळीवर ठेवले होते. वास आधी आला. जळक्या रबराचा वास मी आता झोपेतही ओळखते. बाहेर पळाले तर टूलबॉक्स उघडा, त्यातून धूर, आणि आबा हातात तारेचा तुकडा धरून उभे.

मी बॅटरीची वायर उपटली. बोट भाजलं. मंदाने मूठभर माती टाकली. धूर थांबला.

झालं होतं ते असं. पाहुणी अंधाऱ्या दिव्यांनी जाऊ नये म्हणून आबा पहाटे उठले. तपकिरी फ्यूजच्या घरात तांब्याची तार बसवली. फळीवरची किल्ली नेऊन फिरवली तर मोठा पिवळा फ्यूज उडाला. म्हणजे तोही कच्चाच. त्यांनी तिथेही तार बसवली आणि परत किल्ली फिरवली.

मला रडू आलं. रागाचं होतं, आणि थोडं भीतीचंही. दोन रविवार, शब्द, सगळं त्या धुरात गेलं असं वाटलं. आबांना काहीतरी लागेल असं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत माझा फोन वाजला. माझ्यासमोरून निसटायला मिळतंय म्हणून आबाच आत गेले आणि त्यांनी तो उचलला. "कोन? तात्या व्हय. बाईंची गाडी पेटलीया," हे मला अंगणात ऐकू आलं.

मी धावत जाऊन फोन घेतला. "दादा, काही झालेलं नाही. येऊ नको."

"निघालो," दादा म्हणाला. मागे टेंपो चालू झाल्याचा आवाज येत होता.

वडगावहून पळसदेवला यायला दोन तास तरी लागतात. मी तेवढ्या वेळात गाडीवर बसून निघून जाऊ शकले असते. पण पळून जिंकायचं नव्हतं. पोतं मागून घेतलं आणि अंगणात बसले. मंदा म्हणाली, "मॅडम, मी काय धरू?" मी तिच्या हातात पक्कड दिली.

दिव्यांची वायर टोकापासून टोकापर्यंत वितळली होती. ती डबीपासून सोडवली. डबीतली तीन घरं एकमेकांत विरघळली होती. हॉर्नला उचलून चौथ्या, रिकाम्या घरात नेलं, सॉकेटला कायमची रजा दिली. पिवळा फ्यूज जादाचा होता, तो घातला. मग इंजिनाची मूळ वायर बोटांनी चाचपत नेली, इंच इंच. तिला डागसुद्धा नव्हता.

दोष शोधायचा राहिला होता. मंदाने हँडल डावीकडे वळवलं आणि म्हणाली, "मॅडम, हितं बघा." हँडल जिथे चौकटीला टेकतं, तिथे मी दिव्यांची वायर ताणून नेली होती. डावीकडे वळलं की ती दोन लोखंडांत चिमटत होती. तिथे आतलं तांबंही चेपलं होतं. ती वायर मी ओढून काढली. ही माझी चूक. प्रत्येक डाव्या वळणाला फ्यूज मला तेच सांगत होता आणि मी त्याला काढून खिशात टाकलं होतं. आबांवर ओरडायचा माझा हक्क तिथेच निम्मा झाला.

आबा जवळ येऊन उकिडवे बसले. हातातल्या तारेकडे बघत म्हणाले, "आमच्या मोटारी बी आशाच जळत्यात व्हय? दोन वर्साला एकदा वायंडिंग भराय द्यावं लागतंय. आमी म्हनतो, वोल्टेजचा दोष."

"अशाच जळतात, आबा."

त्यांनी मान हलवली. "आसंल. पर लाईट आठच तास येती, त्याचं काय करू?"

मी पक्कड पुसून टूलबॉक्समध्ये ठेवली आणि किक मारली.

तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

शब्द

दादा टेंपोतून उतरला तो हातात दोर घेऊनच. विलास नावाचा ड्रायव्हर मागचं फाळकं खाली करायला लागला.

"थांब," मी विलासला म्हटलं. "काही चढवायचं नाही."

"टेंपो आला का न्हाय?" दादाने विचारलं.

"आला. मी बोलावला का?"

"आमचा शब्द काय व्हता?"

"लागला तर, असा होता. लागला का ते बघ." मी गाडी चालू केली. हँडल डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे फिरवलं. मोठा हॉर्न वाजवला. म्हशींनी माना वर केल्या, पण दावी तोडली नाहीत.

आबा काठी टेकत पुढे आले. "तात्या, चूक माजी हाय. बाईंनी धा येळा सांगितलं व्हतं."

दादाने गाडीला एक फेरी मारली. टूलबॉक्समध्ये वाकून वास घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुला काय वाटतं, मला त्या हाटेलवाल्याची पडलीया? गोठ्याफुडं आग लागली तवा तू सीटवर आसतीस तर? डोळं मिटलं की तेच दिसतंय मला."

हे तो तीन महिन्यांत एकदाही बोलला नव्हता. पण मी मान खाली घातली नाही. "दादा, म्हणूनच डबी बसवली," मी म्हणाले. "आज दोन-दोन तारा घालूनही इंजिनाला झळ लागली नाही. तू ज्याला भितोस, त्याच्यावरच मी काम केलंय. गाडी विकून तुझी भीती जाईल, पण मग मी कशी येऊ वडगावला? बसच्या खिडकीतून?"

"सुंभ जळला तरी पीळ जायचा न्हाय तुजा."

"नाही जायचा. तूच शिकवलास."

दोर गुंडाळून त्याने टेंपोत फेकला. खिशातून फोन काढून बाजूला गेला. मला पाठमोरा ऐकू येत होता. "न्हाय वो, द्यायची न्हाय. चालतीया ती." मग परत, जरा चिडून, "चालतीया म्हनलं की. कुंड्या दुसऱ्या कशावर बी ठिवा."

तेवढ्या वेळात विलासने आपला धंदा साधला होता. रिकामा टेंपो परत कशाला न्यायचा, म्हणून मंदाच्या नवऱ्याच्या चिलापीचे क्रेट त्याने बारामतीसाठी भरून घेतले होते. मागे मावले नाहीत ते दोन पुढच्या सीटवर, जिथे दादा बसून आला होता. क्रेटमधून पाणी गळत होतं. दादाने दार उघडलं, आत बघितलं आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. दार परत लावलं.

"मी चालवतो," तो माझ्याकडे येत म्हणाला. "तू मागं बस."

"गाडी माझी आहे, दादा. मागे तू बस."

आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ धोतराचा सोगा खोचून माझ्यामागे बसला. दोन्ही हातांनी मागचं कॅरियर घट्ट धरलं. भिगवणपर्यंत "हळू", "डंपर हाय", "ब्रेक दाब" एवढंच बोलत होता. भिगवणच्या पुढे बोलणं थांबलं. मला वाटलं घाबरून गप्प झाला. आरशात बघितलं तर टोपी हातात, डोळे अर्धे मिटलेले, वारा खात बसला होता.

बारामती जवळ आली तसा त्याने माझा खांदा हलवला.

"हितं थांबव. मी रिक्षानं येतो."

"का?"

"बाजारचा दिवस हाय. समदी वळखीची मान्सं. तात्या बहिनीच्या मागं बसून आला म्हनत्याल."

ऐकू आलं नाही असं मी सांगणार नाही. स्पष्ट ऐकू आलं. घरी जायला बाहेरचा मोकळा रस्ताही आहे. मी गाडी सरळ बाजारपेठेत घातली, मोठा हॉर्न वाजवत. दोन ठिकाणी लोकांनी "राम राम, तात्या" म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा दादाला एक हात सोडून राम राम घ्यावा लागला.